पाणी घालणारी घरं मोजा, मग खड्डे घ्या

जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत पहिल्यांदा झाडं लावली तेव्हा एका सकाळी ६० रोपं लावली. फोटो काढले, पेढे वाटले. पुढच्या मे महिन्यात मी वही घेऊन फिरले, तर ७ जिवंत. बाकीच्या खड्ड्यांत वाळक्या काड्या उभ्या होत्या. ती वही मी जपून ठेवली आहे, कारण त्यानंतर आम्ही जे काही शिकलो ते त्या पानापासून.

दुसऱ्या वर्षी रोपं आणण्याआधी घरोघर गेले आणि एकच विचारलं: तीन उन्हाळे, आठवड्यातून दोनदा, तुमच्या दारासमोरच्या एका झाडाला बादलीभर पाणी घालाल का? २२ घरं हो म्हणाली, म्हणून २२च झाडं लावली. त्यातली १९ आज उभी आहेत, काही दुमजली घराएवढी झाली आहेत. तुम्हीही सुरुवात इथूनच करा. रोपं फुकट मिळतात म्हणून शंभर आणू नका. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत रोप स्वस्तात मिळतं, पण मे महिन्यातलं पाणी आपल्यालाच द्यायचं असतं. आणि सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. घरात प्यायचं पाणी मोजून वापरणारी बाई झाडाला बादली देते, तेव्हा ती फार मोठी गोष्ट देत असते. तिला एकच झाड द्या, दोन देऊ नका.

शाळेत तीस वर्षं हजेरी घेतली, त्यामुळे झाडांचंही हजेरीपत्रक केलं. झाड, घर, लावल्याची तारीख आणि दर रविवारी एक खूण. खूण दोन रविवार चुकली की त्या घराची बेल वाजवायची. बहुतेक वेळा कुणी गावाला गेलेलं असतं, कुणाच्या घरी आजारपण असतं. रागावायचं नाही. तेवढ्यापुरतं शेजारच्या घराला सांगायचं.

आता जागा. वर विजेच्या तारा असतील तर तिथे कडुनिंब किंवा शिरीष लावू नका, पाच वर्षांनी त्याचा शेंडा छाटला जाईल आणि झाड कायमचं वेडंवाकडं होईल. तारांखाली कांचन, आपटा, पारिजातक. तारा नसलेल्या रुंद रस्त्याला कडुनिंब, करंज, बहावा. ही आपल्या कोरड्या हवेत टिकणारी झाडं आहेत. वड, पिंपळ, उंबर मोकळ्या मैदानाच्या कडेला, इमारतीपासून आणि ड्रेनेजपासून लांब. रस्त्याची जागा महापालिकेची असते, म्हणून उद्यान विभागाला आधी लेखी कळवा आणि खालून पाण्याची लाइन किंवा केबल कुठून गेली आहे ते विचारून घ्या. लग्नात शोभून दिसतात म्हणून ओळीने परदेशी पाम लावणाऱ्या सोसायट्या मी पाहते. त्याला ना सावली, ना त्यावर घरटं. तेवढ्याच पैशात बहावा येतो, आणि एप्रिल-मेमध्ये सगळी गल्ली पिवळी करतो.

खड्डा मे महिन्यातच घ्या, तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. पंधरा दिवस खड्डा उन्हात तापू द्या. मग त्यात दोन बादल्या पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच साचलेलं असेल तर जागा बदला, तिथे मुळं कुजतील. भरताना वरची माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड. आमची माती काळी. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून उरलीसुरली ओल उडून जाते, म्हणून आम्ही थोडा बारीक मुरूम मिसळतो. ताजं शेण घालू नका, वाळवी येते.

५ जूनला पर्यावरण दिन असतो म्हणून त्याच दिवशी लावायची घाई नको. त्या वेळी आमच्याकडे जमीन अजून तव्यासारखी असते. दोन-तीन दमदार पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली की लावा. सोलापुरात भरवशाचा पाऊस ऑगस्ट-सप्टेंबरचा. त्या सुमारास लावलेली आमची झाडं जूनमध्ये लावलेल्यांपेक्षा चांगली रुजली.

रोप घेताना उंचीला भुलू नका, बुंधा बघा. अंगठ्याएवढा जाड आणि आधाराशिवाय सरळ उभा राहणारा असावा. मग लावायच्या वेळी पिशवी ब्लेडने उभी फाडा. इथे जरा थांबून मातीच्या गड्ड्याकडे नीट बघा. रोप पिशवीत जास्त दिवस राहिलेलं असेल तर मुळं गड्ड्याभोवती गोल गोल फिरलेली असतात, सुतळीची गुंडाळी असावी तशी. ती तशीच पुरली तर झाड चार-पाच वर्षं बरं दिसतं, आणि एखाद्या वादळात मुळासकट उपटून पडतं. आमचा एक करंज असाच गेला. पडल्यावर त्याची मुळं पाहिली, तर त्यांना पिशवीचाच आकार होता. फूटभर रुंदीच्या बाहेर एकही मूळ गेलेलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक गड्डा हाताने सोडवते, गोल फिरलेली मुळं कापते, बाकीची बाहेरच्या बाजूला पसरते. पिशवीत माती जिथपर्यंत होती, तीच पातळी जमिनीची ठेवा. बुंधा मातीत पुरू नका. पिशवी खड्ड्यात टाकू नका.

आधाराला बांबू, गड्ड्याच्या बाहेर ठोकलेला. बांधायला नायलॉनची दोरी नको, ती साल कापते. जुन्या चादरीची पट्टी घ्या आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा, म्हणजे वाऱ्यावर बुंधा थोडा हलतो आणि हलल्यानेच जाड होतो.

पाण्यासाठी आम्हाला सर्वात उपयोगी पडलं ते मडकं. कुंभाराकडून आठ-दहा लिटरचं साधं, न रंगवलेलं मडकं आणायचं, बुंध्यापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, तोंडावर फडकं आणि वर दगड. मडकं आतल्या पाण्याने पाझरत राहतं आणि मुळं त्या दिशेने खाली जातात. तीन-चार दिवसांनी भरावं लागतं, आमच्या नळाच्या पाळीशी ते नेमकं जुळतं. मडकं नसेल तर रुंद आळं करा, बुंध्याला पाणी न लागेल असं. झाड वाढेल तसं आळंही बाहेर सरकवा. रोज तांब्याभर ओतण्यापेक्षा तीन दिवसांनी बादलीभर चांगलं, कारण तांब्याभर पाण्याने मुळं वरच राहतात आणि उन्हात भाजतात. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालतं. एसीचं पाणी चालतं. कपड्यांच्या साबणाचं नको. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी क्षारांचं असतं, ते रोज एकाच झाडाला देऊ नका. आळ्यात पाचोळा चार बोटं जाड अंथरा, फक्त बुंध्याला टेकवू नका. आमच्या गल्लीत पूर्वी पाचोळा पेटवायचे. आता पोत्यात भरून झाडांना वाटला जातो, आणि त्याचा मला फार आनंद आहे.

शेळ्या-गायींसाठी जाळी हवीच. पण जाळी लावली की लोक ती विसरतात आणि वाढत्या बुंध्याला ती रुतते. सिमेंटचंही तसंच. एका पावसाळ्यात फूटपाथचं काम करणाऱ्यांनी आमच्या दोन कडुनिंबांच्या बुंध्याला अगदी चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवले. आम्ही अकरा घरांच्या सह्यांचा अर्ज दिला आणि ते काढून घेतले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते अर्जात लिहिलं होतं. राज्याचा झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदाही माहीत असू द्या. शहरात झाड तोडायला परवानगी लागते, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. २०२१ च्या दुरुस्तीपासून ५० वर्षांपेक्षा जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे.

सणांच्या दिवसांत पहारा ठेवा. गुढीपाडव्याला कडुनिंबाचे डहाळे, वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या, दसऱ्याला आपटा. आपट्याच्या नावाखाली कांचनही ओरबाडला जातो, पानं सारखी दिसतात. मी आदल्या दिवशी मोठ्या झाडाचे चार डहाळे कात्रीने कापून पायरीवर ठेवते. ज्याला हवे त्याने न्यावेत, लहान झाडाला कुणी हात लावत नाही.

पहिली तीन वर्षं छाटणी जवळजवळ करू नका. खालच्या फांद्या बुंध्याला जाडी देतात. नंतर फांदी कापायचीच झाली तर तिच्या बुडाशी वळकटीसारखा फुगीर भाग असतो, तो सोडून कापा. तो राहिला तर जखम भरते. मोठ्या फांदीला आधी खालून अर्धवट काप द्या, नाहीतर पडताना ती खोडाची साल सोलत जाते.

आणि चौथ्या-पाचव्या वर्षी जाळी काढा. आमच्या कोपऱ्यावरच्या कडुनिंबाची काढायला उशीर झाला. तार सालीत शिरली होती, वर साल ओठासारखी मिटली होती. ओढून काढली असती तर साल निघून आली असती. म्हणून दिसणारी तार पकडीने तुकडे करून कापली, आत गेलेली तशीच राहू दिली. समोरच्या घरातल्या ज्या काकूंनी त्याला तीन उन्हाळे पाणी घातलं, त्यांनीच शेवटचा तुकडा कापला. आता हजेरीपत्रकात त्या झाडापुढे रविवारची खूण करावी लागत नाही.