घरचा ब्रूडर: बल्ब विकत घेण्याआधी हे वाचा

माझ्या पहिल्या बॅचच्या कोंबडीच्या 100 पिल्लांपैकी 38 पिल्लं मी पाचव्या दिवसापर्यंत बांधाला पुरली होती. ब्रूडर, म्हणजे आईविना पिल्लांना ऊब देणारी जागा, मला नीट करता आली नव्हती. त्याला चार वर्षं झाली. आता शेडमध्ये एका वेळी 300 पिल्लं असतात, तरी डिसेंबर लागला की मला सलग झोप लागत नाही.

आम्ही निफाड तालुक्यातले. द्राक्षाच्या बागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, अशी इथली थंडी. गिरिराज जातीच्या कोंबडीची एक दिवसाची पिल्लं आणली, तेव्हा विकणारा एवढंच म्हणाला, "वर बल्ब लावून ठेवा." बाजारात गेले तर दुकानदाराकडे पिवळा बल्ब नव्हता. "आता एलईडीच घ्या, नऊ वॅटचा लखलखीत पडतो." मी चार घेतले. शेड दिवसासारखं उजळलं आणि मला वाटलं, झालं काम.

हीच ती चूक. नऊ वॅटच्या बल्बातून नऊ वॅटपेक्षा जास्त ऊब निघूच शकत नाही, तो कितीही लखलखीत असला तरी. चार बल्ब म्हणजे सगळे मिळून 36 वॅट. थंडीत एका पिल्लामागे साधारण दोन वॅट धरतात, म्हणजे 100 पिल्लांना 200 वॅट हवेत. तारेचा जुना पिवळा बल्ब उजेडाच्या बाबतीत उधळ्या, कारण त्याची बहुतेक सगळी वीज उष्णतेतच जाते, आणि पिल्लांना तर तीच हवी असते. 100 वॅटचे दोन पिवळे बल्ब घ्या, एक जादा जवळ ठेवा. मिळत नसतील तर चार दुकानं फिरा, तालुक्याला जा. पिल्लं त्यानंतर आणा.

चूक लगेच दिसली असती तर मी सावरलेही असते. पण पिल्लू अंड्यातून येताना पोटात बलकाची शिल्लक घेऊन येतं, दोन-तीन दिवस त्यावर निघतात. त्यामुळे पहिले दोन दिवस सगळी पिल्लं बरी दिसली. एकमेकांना चिकटून ढीग करून बसायची, मला वाटायचं झोपलीत. प्रत्यक्षात ती गारठली होती. गारठलेलं पिल्लू ढिगातून उठून पाण्याकडे जातच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी 11 मेली, चौथ्या दिवशी 19. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक पिल्लू कापून दाखवलं, बलकाची पिशवी तशीच्या तशी होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "थर्मामीटर कुठे टांगलाय?"

थर्मामीटर होता. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, खांबाला. तोही मी दुपारी बघायचे, पत्रा तापलेला असताना. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीला हवा, खाली अंथरलेल्या तुसापासून दोनेक इंचांवर, बल्बवर पालथ्या टांगलेल्या घमेल्याच्या कडेला. पहिल्या आठवड्यात तिथे 95 अंश फॅरनहाइट दिसले पाहिजेत, पुढे दर आठवड्याला 5 अंश कमी. आणि बघायचं ते पहाटे साडेतीनला. दुपारचा आकडा फसवतो.

बांधणी अवघड नाही, घाबरू नका. 8 बाय 4 फुटांचा एक साधा पत्रा घ्या आणि लांबीत तीन पट्ट्या कापून घ्या. 16 इंच उंचीच्या तीन पट्ट्या मिळतात. त्या नटबोल्टनं जोडून गोल करा. सुरुवातीला टोकं एकमेकांवर जास्त चढवून सहा फूट व्यासाचं वर्तुळ ठेवा, 100 पिल्लांना पुरतं. पिल्लं वाढतील तसं सैल करा. चौकोनी खोकं वापरू नका, कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढून चेंगरतात. खाली दोन-तीन इंच भाताचा तूस. बल्बवर पालथं घमेलं टांगलं की ऊब खाली राहते. होल्डर चिनी मातीचंच घ्या, प्लॅस्टिकचं वितळतं आणि खाली तूस असतो. बल्ब त्याच्या वायरवर लोंबकळत सोडू नका, साखळीनं बांधा. पिल्लं यायच्या आदल्या रात्रीच सगळं पेटवून ठेवा.

शेडला शेतीच्या फिडरची, म्हणजे ठरावीक तासच येणारी वीज असेल तर तिथे ब्रूडर करूच नका. घराच्या पडवीत करा. वीज गेली की कोळशाची शेगडी ठेवायचा सल्ला सगळे देतात. बंद जागेत ती जीवघेणी आहे, पिल्लांनाही आणि तुम्हालाही. गोणपाटाचे पडदे लावले तरी वरचा हातभर भाग उघडा हवा. मी इन्व्हर्टर घेतला. महाग पडला, पण 38 पिल्लं पुरल्यावर तो महाग वाटला नाही.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. ज्यानं स्वतःच्या शेडमधली मेलेली पिल्लं कधी दाखवली नाहीत, त्याच्याकडून ब्रूडर शिकू नका. माझी खरी गुरू घरातच होती. सासूबाईंनी आयुष्यभर खुडूक कोंबडीखाली पिल्लं काढली. दुसऱ्या बॅचला मी 50च पिल्लं आणली आणि पहिल्या रात्री त्यांना शेजारी बसवलं. त्यांनी थर्मामीटरकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "दिवा नको बघू, कान दे."

तेव्हापासून कान देते. ऊब पुरली की पिल्लं पसरून बसतात आणि मधूनच बारीक, निवांत चिवचिवतात. तीक्ष्ण, न थांबणारा आवाज म्हणजे गारठा, बल्ब खाली घ्या. सगळी पत्र्याला टेकून चोची उघडून बसली तर उकडतंय, बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला गेली तर दुसऱ्या बाजूनं वारा शिरतोय, तिथलं पोतं नीट करा. संध्याकाळी दहा-बारा पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपा. भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लं खातायत. रिकामी लागली तर त्याच रात्री ऊब तपासा, सकाळची वाट बघू नका.

त्या 50 पिल्लांपैकी दोन गेली. आठव्या दिवशी लासोटाचे, म्हणजे राणीखेत रोगाच्या लसीचे थेंब डोळ्यांत घालताना एकेक पिल्लू हातात घेऊन मोजलं, 48 भरली. सासूबाईंनी ती परत पहिल्यापासून मोजली.