आधी वरच्या गावचं पाणी विचारा: कंट्रोल रूममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

खानदेशातल्या एका जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात मी पहिल्या दिवशी आले, तेव्हा सगळ्यात आधी इन्सॅट उपग्रहाचं चित्र उघडलं. भूगोलात एम.ए. केलेलं, त्यामुळे ढग बघितले की हात शिवशिवायचे. शेजारच्या टेबलावर आमचे आप्पा. नोकरीची तीस वर्षं झालेले लिपिक, चष्मा कपाळावर. म्हणाले, "ढग नंतर बघ ताई. आधी येरळी आन् बुऱ्हानपूरला पानी किती, ते इचार."

त्याचा अर्थ कळायला मला एक पावसाळा लागला. तापी मुलताईला उगम पावते आणि बुऱ्हाणपूरवरून आपल्याकडे येते. पूर्णा अकोला-बुलढाण्याकडून येते, येरळीला केंद्रीय जल आयोग तिची पातळी मोजतो. चांगदेवला दोघींचा संगम होतो आणि लगेच खाली हतनूर धरण, 41 दरवाज्यांचं. म्हणजे भुसावळला कडक ऊन, रस्त्यावर धूळ, आणि तापी मात्र दुथडी, असं होतं. बाहेरगावची माणसं याला चमत्कार समजतात. आपलं पाणी पुढे गुजरातेत उकाईला जातं, म्हणून इथून विसर्ग वाढला की तिकडेही कळवावं लागतं. तेव्हा जॉइन झाल्यावर आठवडाभरात आपल्या जिल्ह्यातली प्रत्येक नदी कुठून येते, ते नकाशा न बघता सांगता आलं पाहिजे. सॉफ्टवेअर नंतर शिका.

आता माझी फजिती सांगते. दुसऱ्याच पावसाळ्यात रात्री धरणावरून फोन आला, विसर्ग 2000 क्युमेक. मी मेसेज टाइप केला, "2000 क्युसेक", आणि दोन तहसीलना पाठवून चहा प्यायला गेले. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, क्युसेक म्हणजे एक घनफूट. एका क्युमेकचे 35.3 क्युसेक होतात. खरा विसर्ग 70 हजार क्युसेकच्या वर होता आणि मी तो नाल्याएवढा करून ठेवला होता. एका तलाठीभाऊंचा उलट फोन आला, "मॅडम, एवढंसंच सोडलं? मग नदीकाठच्या लोकांना उठवायचं कशाला?" पोटात गोळा आला. अकरा मिनिटांत दुरुस्तीचा मेसेज गेला, कुणाचं काही बिघडलं नाही. आप्पा काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून मी आकडा फोनवरच परत म्हणून घेते, एककासकट: "दोन हजार, क्युमेक, बरोबर?" समोरचा वैतागतो. वैतागू द्या.

आकड्यांची दुसरी मेख म्हणजे सरासरी. तालुक्याची सरासरी 18 मिलिमीटर दिसते आणि आपण निवांत होतो. पण एखाद्याच महसुली मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, शंभर पडलेला असतो आणि बाकीची कोरडी असतात. म्हणून तालुका नाही, मंडळ बघायचं. महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं मंडळनिहाय आहेत ती याच कारणाने उपयोगी, आणि नुकसानीच्या पंचनाम्यात अतिवृष्टीचा 65 मिलिमीटरचा निकषही मंडळालाच लागतो. हवामान खात्याच्या भाषेत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार, 204.4 पर्यंत अतिजोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. हा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजतात. रात्री दोनला कोसळलेला पाऊस सकाळच्या तारखेवर जातो, आणि मग पत्रकार आपल्याशी भांडतात.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांच्या रंगांचंही तसंच. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. रंग जिल्ह्याला मिळतो, पण पाऊस पडतो डोंगराच्या एका कुशीत. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं, त्याच वेळी कन्नड घाटात दरडी कोसळल्या. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, रावेर-यावलकडे बसून त्या दिवसाचा अंदाज आला नसता. अशा वेळी कामाला येतो तो नाऊकास्ट, म्हणजे पुढच्या तीन तासांचा अंदाज, आणि त्याहून जास्त गावातला पोलीस पाटील.

एका रात्री त्या भागातल्या एका पाटलांना मी पातळी विचारत होते. पाणी मोजायची पट्टी दिसत नव्हती, लाइट गेलेली. ते म्हणाले, "पानी कितलं वाढनं ते माले माहीत नही ताई, पन नाल्याना आवाज बदली गया." रजिस्टरमध्ये याच्यासाठी रकाना नाही. मी शेऱ्यात तसंच लिहिलं आणि तहसीलदारांना उठवलं. तासाभराने पूल पाण्याखाली होता, त्यावर कुणी नव्हतं.

उन्हाळ्यात स्क्रीनवर लाल ठिपके येतात, उपग्रहाला दिसलेल्या आगींचे. सातपुड्यात, यावल अभयारण्यापासून तोरणमाळ-धडगावपर्यंत, मार्च-एप्रिलला मोहाची फुलं वेचायची म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आणि वारा फिरला की त्याचा वणवा होतो. वन सर्वेक्षण संस्थेचा अलर्ट एसएमएसने वनरक्षकापर्यंत जातो. पण ठिपका म्हणजे आगीची जागा असं समजू नका. उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस सेन्सरचा ठिपका 375 मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो, मोडिस या दुसऱ्या सेन्सरचा एक किलोमीटरच्या चौकोनाचा. आग त्या चौकोनात कुठेही असेल, दरीच्या पलीकडेसुद्धा. व्हीआयआयआरएसवाले उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातात, त्यामुळे दुपारी चार वाजता पेटलेलं त्यांना रात्रीच दिसतं. आणि नासाच्या, सगळ्या जगासाठीच्या फर्म्स नकाशावरचा प्रत्येक ठिपका जंगलातला नसतो, शेतात पेटवलेलं गव्हाचं काडही तिथे चमकतं. आधी त्या बीटवरच्या, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्यावरच्या, वनरक्षकाला फोन, मग वर अहवाल. उलटं केलं की खोटी धावपळ.

उन्हाबद्दल थोडक्यात. सपाट प्रदेशात कमाल तापमान 40 किंवा त्याच्या वर आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी जास्त असेल, किंवा थेट 45 गाठलं, तर उष्णतेची लाट. जळगावकराला 43 चं कौतुक नाही, तो कारच्या डॅशबोर्डवरच्या 48 अंशांचा फोटो काढून पाठवतो. डांबरावरच्या गाडीचं तापमान आणि हवामान केंद्राच्या सावलीतल्या पेटीतलं तापमान एक नसतं, हे त्याला दरवर्षी नव्याने सांगायचं.

केळीच्या पट्ट्यात मे-जूनचं वादळ हे आमचं वेगळं दुखणं. घड लागलेल्या बागा एका झटक्यात आडव्या होतात. त्या रात्री शेतकऱ्याचा फोन आला तर वाऱ्याचा वेग सांगत बसू नका. फोटो काढा, विम्याला 72 तासांच्या आत कळवा, तलाठ्याला सांगा. आमच्या घरची बाग अशीच पडली होती तेव्हा बाबांना हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि मी तेव्हा बारावीचं गणित सोडवत होते.

शिक्षणाचं विचाराल तर या कामाला एकच दार नाही. हवामान खात्यात जायचं तर भौतिकशास्त्रासह बी.एस्सी. उपयोगी पडतं, सायंटिफिक असिस्टंटची भरती स्टाफ सिलेक्शन कमिशनकडून होते. पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यास शिकवतात, इग्नूचा डिप्लोमा घरी बसून होतो. जिल्हास्तरावरची बरीच पदं कंत्राटी असतात, पगार बघून या, नाहीतर दिवाळीपर्यंत हिरमुसाल. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते आजच शिका. आणि आपदा मित्र, म्हणजे आपत्तीतल्या स्वयंसेवकांचं, प्रशिक्षण मिळालं तर सोडू नका, दोरी धरता येणारा माणूस टेबलावरही वेगळा दिसतो. धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, बोलावणं गेलं की ती निघते. पण पोचेपर्यंतचा वेळ गावातल्या माणसांचाच असतो.

मे महिन्यात, उन्हं असली तरी, गाडी काढून तीन-चार पुलांवर जाऊन या. पट्टीवरचे आकडे वाचता येतात का, बघा. गेल्या वर्षी एका पट्टीवरचा चारचा आकडा पुसला होता आणि तिथला माणूस रोज अंदाजाने सांगायचा. रंगाचा डबा आम्हीच नेला.