आठवणी लिहायच्यात? आधी घरांची यादी करा

नारायण पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकं जुळवून देण्याच्या, दुकानात महिन्याकाठी एखाददुसरी लाँगबुकांची पिशवी येतेच. आणणारे बहुतेक निवृत्त. पिशवी काउंटरवर ठेवता ठेवता आधी माफी मागून घेतात, "तसं मी काही मोठा माणूस नाही हो, पण मुलगी मागेच लागली होती." मी मुद्रितं तपासते, त्यामुळे हस्तलिखित पहिल्यांदा माझ्या हातात पडतं. पहिलं वाक्य वही न उघडता सांगते: माझा जन्म अमुक साली एका मध्यमवर्गीय, सुसंस्कृत कुटुंबात झाला. असंस्कृत कुटुंबात जन्मलेला माणूस आमच्या दुकानाची पायरी अजून चढलेला नाही.

पुढे तीस-चाळीस पानं वंशावळ, वडिलांची शिस्त, आईची माया. आणि मग सत्तेचाळिसाव्या पानावर ओघात येऊन जातं, की रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून शाळेत गेलो, परत आलो तर रांग पुढे गेलेली आणि कुणीतरी आपला डबाही सरकवत नेलेला. तिथे मी पेन्सिल खाली ठेवते आणि वाचायला लागते. त्या सत्तेचाळिसाव्या पानावर लवकर कसं पोचायचं, एवढंच इथे सांगायचं आहे.

घरं मोजा

जन्मतारखेपासून सुरुवात करू नका. एका कागदावर आजवर जिथे जिथे राहिलात ती सगळी घरं एकाखाली एक लिहा. भाड्याची, मामाकडची, बदलीच्या गावचं क्वार्टर, बाळंतपणासाठी काढलेले माहेरचे चार महिनेसुद्धा. पुण्यातल्या माणसाची यादी साधारण ओळखीची निघते: पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, मग कुठल्याशा सोसायटीत वन रूम किचन, मग कोथरूड नाहीतर सिंहगड रस्ता. एक घर म्हणजे एक प्रकरण. वर्षांच्या हिशेबाने लिहिलं की बढत्या-बदल्यांचं सर्व्हिस बुक तयार होतं. घरांच्या हिशेबाने लिहिलं की शेजारीपाजारी, पाहुणे, भांडणं, आजारपणं न बोलावता येतात.

आता यादीतलं सगळ्यात जुनं घर घ्या आणि त्याचा नकाशा काढा. चित्रकला लागत नाही, चौकोन पुरेत. दिंडी दरवाजा कुठे, चौक कुठे, नळकोंडाळं कुठल्या बाजूला, संडास किती आणि किती बिऱ्हाडांत. जिन्यात धरायला दोर होता का? रात्री कोण कुठे झोपायचं, ते नावानिशी लिहा. दहा माणसांना दोन खोल्या पुरत कशा होत्या, याचं उत्तर नातवाला या नकाशातच मिळेल. भाडं किती, मालक वरच्या मजल्यावर राहत की मुंबईला, पहिल्या तारखेला पैसे द्यायला कुणाला पाठवत, तेही.

एका काकूंना मी हे करायला सांगितलं. आठवड्याने त्या चिडून आल्या. म्हणाल्या, नकाशा काढायला बसले आणि फडताळाजवळच अडकले. त्या फडताळात सासूबाई खोबऱ्याची वाटी मोजून ठेवत. तेवढ्यावर सहा पानं झाली होती. आधीच्या सबंध वहीत सासूबाई 'करारी पण प्रेमळ' होत्या. खोबरं कुठेच नव्हतं.

तारखांना खुंटी शोधा

आपली आठवण घटना नीट सांभाळते, साल मात्र खुशाल बदलते. म्हणून प्रत्येक घरापुढे अशी एखादी सार्वजनिक तारीख लिहा, जिच्याबद्दल वाद नाही. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, तेव्हा तुम्ही कुठल्या खोलीत झोपला होतात? १९७२ च्या दुष्काळात रेशनवर काय मिळत होतं? आणीबाणी लागली तेव्हा घरी धाकटी झाली होती का?

पुण्यातल्या जुन्या माणसांची सर्वांत मोठी खुंटी अर्थातच पानशेत. बुधवार, १२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. पुराआधी आणि पुरानंतर अशी कित्येक घराण्यांच्या इतिहासाची सरळ दोन भागांत वाटणी होते, कारण अनेकांचा पत्ताच त्या दिवशी बदलला. वाड्यातून शाळेत, शाळेतून पूरग्रस्तांच्या वसाहतीत. गोखलेनगर, सहकारनगर हे पत्ते पुष्कळांना त्यानंतर मिळाले.

पण इथेच सांभाळा. एका हस्तलिखितात बाईंनी थोरल्या मुलाला कडेवर घेऊन पुरातून बाहेर पडल्याचं फार सुंदर लिहिलं होतं. पुढच्याच प्रकरणात त्याच मुलाचा जन्म १९६३ चा. विचारलं तेव्हा बाई दोन मिनिटं गप्प बसल्या. कडेवरचं मूल खालच्या बिऱ्हाडातलं होतं. खरी हकिकत खोट्यापेक्षा जास्त चांगली निघाली आणि तीच छापली.

कागदपत्रांवरही डोळे मिटून विश्वास नको. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीसाठी घातलेली. त्या पिढीतली निम्मी आळी एकाच दिवशी जन्मलेली दिसते. घरात जन्म तिथीने सांगत असतील, 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी' वगैरे, तर त्या सालच्या पंचांगावरून तारीख काढता येते. जागा, दुकानं, घटना तपासायच्या असतील तर शहरातल्या जुन्या ग्रंथालयांत चौकशी करा. 'केसरी' १८८१ पासून आणि 'सकाळ' १९३२ पासून निघतो आहे. जुना अंक हाती लागला तर बातमीपेक्षा जाहिराती आधी पाहा. साबणाचा भाव दिसला की मोरी आठवते.

आधी बोला, मग लिहा

ज्यांना लिहायची सवय नाही त्यांनी फोनवर रेकॉर्डिंग करावं. एका बैठकीला पाऊण तास पुष्कळ झाला. त्यापुढे माणूस दमतो आणि उपदेशाला लागतो. मराठी बोलून टाइप करायची सोय आता फोनमध्ये आहे. ती विरामचिन्हं गाळते आणि आडनावांची वाट लावते, तरी कच्चा मजकूर हाती लागतो.

आजी-आजोबांना बोलतं करणाऱ्या नातवंडांनी एक पथ्य पाळावं. "तुमच्या काळी कसं होतं?" असं विचारलं की "स्वस्ताई होती" असं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. "सकाळी चूल पेटवायला कोण उठायचं?" असं विचारा. "पहिला पगार कुणाच्या हातात दिलात?" "घरात पहिला फोन आला तेव्हा शेजाऱ्यांपैकी कोण सगळ्यात जास्त वापरायचं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. सांगताना आजी भलतीकडे गेली तर जाऊ द्या, बऱ्याचदा ती तिथेच जायला निघालेली असते.

विशेषणं काढा, वस्तू ठेवा

'आई अत्यंत काटकसरी होती.' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे, की डोळे त्यावरून घसरतात. माझ्या आईचंच सांगते. वाण्याच्या पुड्यांचे दोरे ती सोडवून गुंडाळून ठेवायची. वाडा सोडला तेव्हा तो गुंडा नारळाएवढा झाला होता, आणि टेम्पोत तो तिने मांडीवर घेतला होता. आता काटकसरी हा शब्द लिहायची गरज उरते का?

म्हणून एकदा लाल पेन घेऊन बसा आणि प्रेमळ, कष्टाळू, हालअपेष्टा, खडतर या शब्दांखाली रेघा मारा. प्रत्येक रेघेच्या जागी एक वस्तू, एक रक्कम किंवा कुणाच्या तोंडचं एक वाक्य आणा. नाही आणता आलं तर ते वाक्य उडवा. बोली तुमची आहे तशी राहू द्या. भोरकडून आलेल्या माणसाने सदाशिव पेठी मराठी लिहिली की कुणाचंच समाधान होत नाही.

सत्कार, मानपत्रं, चारधाम आणि मुलाकडे अमेरिकेला गेलो ते तीन महिने, हे सगळं मिळून एक पान.

घरातली दुखरी पानं

वाटण्या, दारू, मोडलेलं लग्न, डोक्यावरून गेलेलं कर्ज, जातीवरून नाकारलेली खोली. पहिल्या खर्ड्यात हे सगळं लिहा. गाळायचं काय ते नंतर ठरतं. खर्डा झाला की पानांचे तीन गठ्ठे करा: पुस्तकात जाणारी, फक्त घरच्या प्रतीत राहणारी आणि कपाटाच्या आतल्या कप्प्यात जाणारी. तिसरा गठ्ठा फाडू नका. त्यावर 'माझ्या पश्चात' असं लिहून ठेवता येतं.

पुण्यातल्याच रमाबाई रानड्यांनी १९१० साली आपल्या आठवणी छापल्या, त्यात इंग्रजी शिकते म्हणून घरातल्याच बायकांनी दिलेला त्रासही आहे. तेव्हा घरच्यांबद्दल लिहूच नये असं नाही. झालं ते लिहा, निवाडा देऊ नका. 'दिरांनी सही करून घेतली' हे तुम्ही पाहिलेलं आहे. 'दीर लबाड होते' हे तुमचं मत, आणि त्यावर भांडण होऊ शकतं. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. हयात नसलेल्या माणसाबद्दल त्याच्या घरच्यांना दुखावण्याच्या हेतूने लिहिलं तर तेही त्यात येऊ शकतं. वादाचा दावा कोर्टात चालू असेल तर छापण्याआधी वकिलाला पान दाखवा.

पत्रांबद्दल बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुम्हाला आलेलं पत्र तुमच्या ट्रंकेत असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर तो वारसांकडे जातो. अख्खं पत्र छापायचं तर विचारून छापा.

छपाई

हा भाग लोकांना सगळ्यात अवघड वाटतो. खरं तर हाच सोपा आहे. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. जुन्या फाँटमधली फाइल पुढे दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांची गिचमीड होते. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या, आकाराच्या पानावर मराठीचे अडीचशे-तीनशे शब्द बसतात, म्हणजे तीस हजार शब्दांचं शंभर-सव्वाशे पानी पुस्तक होतं. घरच्यांसाठी तेवढं भरपूर आहे. ऑफसेटवर छापणार असाल तर फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडायचा पानांचा संच, सोळा पानांचा धरतात, एकूण पानं त्या पटीत बसवली की कागद वाया जात नाही.

फोटो ३०० डीपीआयला स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचे असतील तर ६०० ला. मागे नावं लिहायची तर हलक्या हाताने पेन्सिलीने. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते. नावं आजच लिहा. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे सांगणारं माणूस घरात एखादंच उरलेलं असतं.

प्रती किती? डिजिटल छपाईत पंचवीससुद्धा निघतात. आधी पंचवीसच काढा. हजार प्रती काढल्या की उरलेल्या नऊशे दिवाणाखाली जातात आणि दर दिवाळीच्या साफसफाईला त्या हलवाव्या लागतात. असे दिवाण मी पाहिले आहेत. विक्रीला ठेवायचं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, घ्यावा. तो सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणी भरमसाट पैसे मागितले तर उठून या. घरात वाटायच्या प्रतीला त्याची गरजच नाही.

शेवटचं मुद्रित स्वतः वाचू नका, तुम्हाला हवं तेच दिसेल. आत्येभावाला द्या, शक्यतो ज्याच्याशी फारसं पटत नाही त्याला.

आणि बाइंडिंगला देताना मागे चार कोरी पानं घालायला सांगा. त्या पंचवीस प्रती वाटल्या की आठवड्याच्या आत फोन येतात. काकूंच्या पुस्तकाला पहिला फोन त्यांच्या नणंदेचा आला, वय वर्षं ब्याऐंशी. "वहिनी, नकाशात नळ डावीकडे दाखवलायस. तो उजवीकडे होता. आणि खोबरं मोजायची ती माझ्यामुळे, मी चोरून खायचे." ते त्या कोऱ्या पानांवर, नणंदेच्याच अक्षरात, तारखेसकट लिहून घेतलं आहे.