रानातली बदकं, घरातली बदकं: कुणाला हात लावायचा आणि कसा

पावसाळ्यात बेळगावकडच्या येळ्ळूर-वडगावच्या शिवारात पाणी भरलं, की कुणी ना कुणी पोरगं बादलीत बदकाचं पिल्लू घालून आमच्या दारात येतं. आमच्यात बदकं आहेत हे सगळ्यांना ठाऊक. "काकू, याची आई सोडून गेलीय, तुमच्यातल्या बदकांत सोडा." मी आधी विचारते, "कुठं सापडलं? आणि आई नाही हे किती वेळ थांबून बघितलंस?" बहुतेकदा थांबलेलंच नसतं. मग पिल्लू ज्या बांधावरनं उचललं त्याच बांधावर परत न्यायला लावते.

रानातल्या आणि पाळीव बदकाची गरज अगदी उलटी असते. रानातल्याला आपण लांब राहिलेलं हवं. पाळलेल्याला मात्र दाणा, पाणी, राखण सगळं आपणच पुरवावं लागतं.

आपल्या भागात वर्षभर दिसतात ती मुख्यतः दोन. हळदी-कुंकू बदक मोठं, खवल्या-खवल्यांच्या पिसांचं. त्याच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं असतं आणि चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके असतात. अडई लहान, विटकरी रंगाची. ती उडताना शीळ घालते आणि रात्रीही फिरते. थंडीत तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, चक्रांग असे पाहुणे येतात. ते बघायचे तर हिडकल किंवा धुपदाळच्या जलाशयावर जावं. त्यांची घरटी इथं नसतात, त्यामुळं पिल्लांचा प्रश्न स्थानिक बदकांचाच.

पिल्लू एकटं दिसलं तर पन्नास-साठ पावलं मागं सरा, झाडाआड किंवा बांधाआड बसा आणि तासभर तरी थांबा. कुत्रं बरोबर असेल तर आधी त्याला घरी पाठवा. आई जवळच्या लव्हाळ्यात दडलेली असते आणि तुम्ही उभे असेपर्यंत ती येणार नाही. कधीकधी ती तुमच्यासमोर पंख मोडल्यासारखी फडफडत, लंगडत पुढं पळते. तिला जखमी समजून पकडायला जाऊ नका. तुम्हाला पिल्लांपासून लांब न्यायची ती तिची युक्ती आहे. तिच्या मागं न जाता तुम्ही उलट्या वाटेनं निघून जा, म्हणजे ती लगेच परत फिरते. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हे खरं नाही. त्यामुळं उचललेलं पिल्लू परत ठेवायला कचरू नका.

आई मेलेली दिसली किंवा पिल्लू गारठून आडवं पडलं असेल, तरच उचला. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला कोरडं सुती कापड घाला, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा आणि झाकण लावून शांत जागी ठेवा. पाण्यात पोहायला सोडू नका. आईच्या पंखाखाली नसलेल्या पिल्लाची लव भिजून जड होते आणि ते गारठून मरतं. चोच उघडून पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. दूध नको, पाव नको. वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा. रानातल्या पक्ष्याचं पिल्लू घरी वाढवणं किंवा अंडी उचलणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय माणसाळलेलं पिल्लू पुढं रानात टिकत नाही.

भांगलण करताना बांधाच्या गवतात अंडी दिसली तर तेवढा पट्टा सोडून पुढं जा. अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात. तेवढे दिवस त्या जागेचं गवत कापायचं राहिलं तर पिकाचं काही बिघडत नाही. मात्र रोज जाऊन डोकावू नका. आपण कुठं वाकतो हे कावळा बघत असतो.

तळ्यावर पाव आणि चुरमुरे टाकण्याबद्दल मला फार वाईट वाटतं, कारण टाकणारी माणसं मायेनंच टाकतात. पण त्यानं पोट भरतं, पोषण होत नाही. वाढत्या पिल्लांना असलं खाणं सारखं मिळालं तर पंखाचा शेवटचा सांधा बाहेर वळतो आणि तो पक्षी जन्मभर उडू शकत नाही. उरलेलं पाण्यात कुजतं. मदतच करायची तर काठावर पडलेली गळाची नायलॉन दोरी गोळा करा. ती पायात, जिभेत अडकून पक्षी मरतात. अडकलेला सापडला तर डोक्यावर टॉवेल टाका, पंख अंगाशी दाबून धरा आणि दोरी ओढू नका, कात्रीनं कापा. गळ आत रुतला असेल तर तो डॉक्टरसाठी तसाच राहू द्या.

शेतकऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे ते दाणेदार कीटकनाशकाबद्दल. बांधावर सांडलेले दाणे बदकाला धान्यच वाटतात. थोडे दाणेही जीव घ्यायला पुरतात. सांडलेलं लगेच मातीत खोल पुरा आणि रिकामी पिशवी पाटात धुऊ नका.

आता पाळीव बदकं. बाजारात खाकी कॅम्पबेल, पांढरी पेकिन, गावठी अशी मिळतात. अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल चांगलं. नीट सांभाळलं तर वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देतं. पण ते अंड्यावर बसत नाही. पिल्लं हवी असतील तर खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवा आणि 28 दिवस धरा. कोंबडीच्या अंड्यांच्या 21 दिवसांवर हिशेब करून लवकर उठवू नका.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात 32 अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोच उघडी ठेवली तर उकडतं आहे. आपल्याकडच्या पावसाळी वाऱ्यात बल्ब तीन-चार आठवडे तरी काढू नये. खाली भाताचं पिंजर घाला आणि ओलं झालं की त्याच दिवशी बदला. ओल्या पिंजरात बुरशी धरते, ती फुप्फुसात जाते. मोठ्या बदकांचे तळपायही ओल्यात सुजतात.

पाण्याचं मात्र नीट समजून घ्या. बदकाला तळं नसलं तरी चालतं, पण चोचीवरच्या नाकपुड्या आणि डोळे बुडतील इतकं खोल भांडं हवंच. खाताना त्याच्या नाकपुड्यांत कोंडा बसतो. मग ते भांड्यापाशी जाऊन डोकं आत घालतं, जोरात फुंकतं, बुडबुडे येतात, मान झटकून पुन्हा खायला वळतं. उथळ ताटलीत हे जमत नाही, मग डोळे चिकटतात आणि त्यात घाण साचते. आम्ही मोठ्यांसाठी घमेलं ठेवतो, त्याच्याखाली खडी पसरून पाण्याची वाट केळीकडं काढली आहे. पिल्लांच्या भांड्यात गोटे घाला, म्हणजे आत पडलं तर चढून येतं. दाणा ठेवाल तिथं पाणी हवंच. कोरडं खाऊन बदक गुदमरतं.

खाण्यात कण्या, कोंडा, भरडलेला मका, थोडी सुकट, हिरवा पाला. अंडी देणाऱ्या बदकांना शिंपल्यांची पूड. शेंगदाण्याची पेंड किंवा मका घालताना आधी मूठभर हातात घेऊन वास घ्या. पावसाळ्यात पोत्याच्या तळाला बुरशी धरते आणि तिच्यातलं अफलाटॉक्सिन हे विष बदकाला कोंबडीपेक्षा फार लवकर बाधतं. कोंबड्यांनी पचवलेल्या पेंडीनं बदकं मरतात. वास आला तर पोतं टाका, उन्हात वाळवून विष जात नाही. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य द्यायचं झालं तर त्यात बदकाला पुरेल इतकं नायसिन हे जीवनसत्त्व नसतं, म्हणून गुडघे सुजतात, पाय वाकडे होतात. ब्रुअर्स यीस्टची (एक प्रकारच्या खमिराची) पूड चिमूटभर मिसळा, वाटाणा कुस्करून द्या.

बदकाला पायाला धरून उचलू नका. त्याचा पाय कोंबडीसारखा दणकट नसतो, सांधा निखळतो. दोन्ही हातांनी पंखांवरनं अंग धरावं. पाच-सहा माद्यांना एक नर पुरे, जास्त झाले तर माद्यांच्या मानेची पिसं उपटली जातात. अंडी बहुतेक पहाटे घातली जातात, म्हणून खुराडं आठच्या आधी उघडू नका, नाहीतर अंडी चिखलात शोधत बसावं लागतं. खुराड्याला मुंगूस शिरेल अशी फट नको. जाळी जमिनीत वीतभर पुरा. रात्री एक बारीक दिवा राहू द्या, गडद अंधारात बदकं बिथरून एकमेकांवर चढतात.

भातात सोडायची असतील तर लावणीनंतर तीन आठवड्यांनी, मुळं धरल्यावर सोडा. किडे, गोगलगायी, कोवळं तण खातात, पाणी ढवळतात, शेण-शीट तिथंच पडतं. भात पोसवायला लागलं की बाहेर काढा, लोंबी त्यांना सोडवत नाही. फवारणी झालेल्या शेतात आणि बळ्ळारी नाल्याच्या पाण्यात सोडू नका. नाल्यात शहराचं सांडपाणी येतं.

नको झालेली पाळीव बदकं तळ्यात सोडून देऊ नका. त्यांतल्या बहुतेकांना नीट उडता येत नाही, त्यामुळं कुत्री धरतात. जी जगतात ती हळदी-कुंकवाशी जुळतात आणि रानची जात भेसळते. शिवाय बदकाच्या अंगात बर्ड फ्लूचा विषाणू असला तरी ते निरोगी दिसू शकतं, म्हणून रानच्या आणि घरच्या बदकांचं पाणी वेगळंच असावं. सांभाळता येत नसेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

एकदम तीन-चार पक्षी मेलेले दिसले, घरचे असोत की तळ्यातले, हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. उन्हाळ्यात साचून सडलेलं पाणी पिऊन मान लुळी पडते, पाय ओढत चालतात. अशा वेळी सगळ्यांना त्या पाण्यावरनं लगेच हलवा, मेलेले मासे किंवा एखादा मेलेला पक्षी पडला असेल तर हातात पिशवी घालून काढून खोल पुरा, ताजं पाणी पुढं ठेवा आणि 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन लावा. लुळ्या मानेचं बदक पाण्यात ठेवू नका, ते बुडतं. मान उशीला टेकवून सावलीत बसवा.