या चुका टाळा: व्हीटीओएल ड्रोनचा कंट्रोलर चुकीच्या वेळी शिकतो तेव्हा

अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोल (उडताना स्वतःच शिकत जाणारं नियंत्रण) लावलेलं व्हीटीओएल ड्रोन, म्हणजे सरळ वर उठून नंतर पंखांवर उडणारं ड्रोन, डगमगायला लागलं की बहुतेकांचा हात आधी अ‍ॅडाप्टेशन गेनकडे, म्हणजे शिकण्याच्या वेगाकडे, जातो. गेन नंतर बघा. आधी लॉग (उड्डाणाची नोंद) उघडा आणि कंट्रोलर नेमका कधी शिकत होता ते शोधा.

सगळ्यात महागात पडणारी चूक जमिनीवरच होते. समजा ड्रोन किंचित उतारावर उभं आहे, रोल (डावी-उजवीकडचा कल) २ अंश. मोटर आर्म झाल्या, म्हणजे फिरायला सज्ज झाल्या. कंट्रोलरला रोल शून्य हवाय, पण पाय टेकलेले असल्यामुळे ड्रोन जागचं हलत नाही. त्याला वाटतं, बाहेरून कुणीतरी आपल्याला दाबून धरलंय. तो अंदाज फुगत जातो आणि पाय सुटताच सगळा जोर एकदम बाहेर येऊन ड्रोन कुशीवर पडतं. लॉगमध्ये याची खूण स्पष्ट दिसते: उड्डाणाआधीच अंदाजाची रेघ चढत गेलेली असते आणि एका बाजूच्या मोटरचं आउटपुट दुसरीपेक्षा जास्त असतं. जमीन सुटल्याची खात्री होईपर्यंत अ‍ॅडाप्टेशन आणि इंटिग्रेटर (चूक साठवत जाणारा भाग), दोन्ही शून्यावर गोठवून ठेवा. उतरतानाही पाय टेकताच हेच करा.

हवेत हाच आजार सॅच्युरेशनच्या (मर्यादा गाठण्याच्या) रूपाने येतो, विशेषतः यॉमध्ये, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवताना. होव्हरमध्ये (हवेत एका जागी तरंगताना) यॉचा जोर बहुधा प्रोपेलरच्या टॉर्कमधूनच मिळतो आणि तो मुळात तुटपुंजा असतो. त्यात पंख आणि शेपटीवर आडवा वारा आला की मोटर मर्यादेला टेकते, तरी कंट्रोलर आणखी मागतच राहतो. मोटरने प्रत्यक्षात जेवढं दिलं तेवढंच मॉडेलला कळवा, आणि शक्य असेल तिथे नाक वाऱ्याकडे वळू द्या.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे होव्हरमधून पंखांवरच्या उड्डाणात जाताना, वेग १० वरून २० मीटर प्रति सेकंद झाला की कंट्रोल सरफेसचा (पंख-शेपटीवरच्या हलत्या पट्ट्यांचा) जोर चौपट होतो. हे गणित आधीच ठाऊक आहे, मग ते कंट्रोलरला नव्याने का शिकवायचं? एअरस्पीडनुसार (हवेच्या तुलनेतल्या वेगानुसार) कंट्रोलरचा गेन आधी बसवा, उरलेला फरक अ‍ॅडाप्टेशनकडे द्या. हा वेग मोजणारी पिटोट नळी तुंबली असेल तर हेच गणित उलटतं, म्हणून उड्डाणापूर्वी ती तपासा.

शांत होव्हरमध्ये शिकण्यासारखं फारसं काही नसतं, तरी जायरोच्या (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या) नॉइजवर पॅरामीटर हळूहळू वाहवत जातात. नॉच फिल्टर (ठरावीक कंपनं गाळणारा), डेड-झोन (बारीक चुकांकडे दुर्लक्ष) आणि पॅरामीटरवर ठाम मर्यादा, तिन्ही लागतातच.

आता गेन. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी एक्स-१५ हे अमेरिकेचं रॉकेट विमान पुन्हा दाट हवेत शिरताना पिचमध्ये (नाक वर-खाली) दोलायला लागलं. त्या दोलनातच अडकलेल्या अ‍ॅडाप्टिव्ह यंत्रणेने गेन कमी केला नाही. विमान हवेतच मोडलं आणि वैमानिक मायकल अ‍ॅडम्स यांचा जीव गेला. गेन वाढवताना मला हे दरवेळी आठवतं. सर्वो (पट्ट्या हलवणारी छोटी मोटर) आणि ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) यांचा विलंब आधी मोजा. त्या विलंबाला पेलणार नाही इतका गेन ठेवूच नका.

पहिली काही उड्डाणं अ‍ॅडाप्टेशनचं आउटपुट मोटरकडे न पाठवता फक्त लॉग करा. उडवून आल्यावर अंदाजाची रेघ बघा: पाय टेकलेले असताना ती सपाट आहे का?