कमी पावसाच्या वर्षी उसाच्या पाण्याचे नियोजन

हिमालयातून येणाऱ्या नद्यांना उन्हाळ्यात वितळत्या बर्फाचा आधार असतो आणि तिथे बर्फ कमी पडला की धरणांचे गणित बिघडते. सह्याद्रीवर बर्फ नाही. जून ते सप्टेंबरमध्ये जेवढे पाणी साठले, तेवढ्यावरच कोल्हापूर जिल्ह्याला पुढचा पावसाळा गाठावा लागतो. म्हणून पाऊस कमी झालेल्या वर्षी शेतकऱ्यांच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी आपला हिशेब ऑक्टोबरमध्येच मांडावा.

राधानगरी धरणाची साठवण क्षमता सुमारे ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट), तर काळम्मावाडी धरणाची सुमारे २५.३९ टीएमसी आहे. जाहीर झालेला साठा एकूण आहे की उपयुक्त, हे प्रथम पाटबंधारे विभागाकडून समजून घ्यावे. त्यातून पिण्याचे पाणी आणि बाष्पीभवन वजा केल्यावर उरते, तेच शेतीचे पाणी. ते अपुरे दिसत असेल, तर पाण्याच्या पाळ्या लांबवण्याआधी क्षेत्र कमी करावे. ‘सुरू’ हंगामाची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरची, नवी लागण टाळणे जड जाते, हे खरे. परंतु उगवण आणि फुटव्याच्या काळात ताण बसलेल्या उसाचे नुकसान पुढे सहसा भरून निघत नाही.

नदीपात्रातील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. धरणातून सोडलेले पाणी याच बंधाऱ्यांत अडते आणि तिथूनच मोटारींनी उचलले जाते. त्यामुळे गळका बंधारा म्हणजे धरणातलेच पाणी वाया जाणे होय. पावसाळा ओसरताच बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालावेत, कुजलेले व वाकलेले बरगे आधीच बदलावेत आणि दोन रांगांमधील जागेत चिकणमाती नीट ठासून भरावी. त्यानंतरही गळतीची पाहणी नियमित सुरू ठेवावी, कारण पाण्याच्या दाबाने माती हळूहळू निसटते.

शेतावर पाणी तासांत मोजावे. एका एकरावर सहा सेंटिमीटर पाणी देण्यास सुमारे २ लाख ४३ हजार लिटर लागतात. सेकंदाला १० लिटर देणाऱ्या मोटारीला त्यासाठी पावणेसात तास पुरतात. त्याहून अधिक वेळ मोटार चालत असेल, तर पाणी पाटात मुरते आहे किंवा सरीत गरजेपेक्षा जास्त साचते आहे, असे समजून शोध घ्यावा. ठिबक नसेल, तर एक सरी सोडून पाणी द्यावे आणि खोडव्यातील (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसातील) पाचट, म्हणजे वाळलेला पाला, न जाळता सरीत पसरावे. केवळ एवढ्यानेही जमिनीतील ओल अधिक दिवस टिकते.

उपसाबंदीच्या, म्हणजे नदीतून पाणी उचलण्यास मनाई असलेल्या दिवसांच्या, तारखा कळताच पाळीपत्रक बदलावे. प्रवाहाच्या शेवटच्या टोकाच्या सभासदांना, शक्य असेल तिथे, पहिली पाळी द्यावी. वरच्या गावांनी आधी उपसा केला की खालच्यांच्या वाट्याला कोरडे पात्र येते, आणि भांडणे तिथूनच सुरू होतात. मे महिन्याच्या अखेरीस किमान एका पाळीपुरते पाणी राखून ठेवावे, म्हणजे मोसमी पाऊस लांबला तरी जूनमध्ये उभा ऊस वाळणार नाही.