बॅज मिळाला म्हणजे पिस्तूल मिळालं असं नाही

कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीत मी डेप्युटी प्रोबेशन ऑफिसर (कोर्टानं अटींवर तुरुंगाबाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणारी अधिकारी) म्हणून रुजू झाले, त्याच रात्री साताऱ्याहून आईचा फोन. "अगं, बंदूक दिली का तुला?" नाही म्हटल्यावर तिचा जीव खालीवर. आता या नोकरीबद्दल विचारणारी आपली मुलंही आधी तेच विचारतात, म्हणून लिहितेय.

इथं 'पीस ऑफिसर', म्हणजे कायद्यानं पोलिसी अधिकार दिलेला अधिकारी, कोण, हे राज्याच्या पीनल कोडमध्ये कलम ८३० पासून पुढे ठरवून दिलंय. त्यात नाव नसलेलं पद पीस ऑफिसरचं नाही, मग गणवेश कसाही असो. शेरीफ (काउंटीचे पोलीसप्रमुख), त्यांचे डेप्युटी आणि शहरांचे पोलीस ८३०.१ मध्ये येतात, हायवे पेट्रोल ८३०.२ मध्ये. आम्ही ८३०.५ मध्ये, तुरुंगातून अटींवर सुटलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या पॅरोल ऑफिसरांच्या सोबतीनं. तिथंच मेख आहे: शस्त्र बाळगायचं ते नेमणाऱ्या खात्यानं परवानगी दिली तरच, आणि खात्याच्या अटींवर. त्यामुळे शेजारच्या काउंटीत माझ्याच हुद्द्याच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल असू शकतं आणि माझ्या नाही. दोन्ही कायदेशीरच.

कलम ८३१ तर नीटच वाचा. स्थानिक तुरुंगात कैद्यांवर देखरेख करणारा 'कस्टोडियल ऑफिसर' हा पीस ऑफिसर नव्हे. कामावर शस्त्र बाळगायचा हक्क त्याला नाही, हे त्या कलमात स्पष्ट लिहिलंय. माझ्या ओळखीचा एक मुलगा 'पोलिसातच लागलो' म्हणून असल्या पदावर गेला आणि महिनाभरानं फार खट्टू झाला. जाहिरातीत पदाचा कलम क्रमांक शोधा. नसेल तर मुलाखतीत सरळ विचारा, त्यात कमीपणा नाही.

आणखी एक. घरगुती हिंसाचाराच्या किरकोळ वर्गातल्या गुन्ह्यातही दोषी ठरलात, तर फेडरल कायद्यानं शस्त्राला हात लावता येत नाही. १९९६ पासून पोलिसांनाही यातून सूट नाही. मला हे अगदी योग्य वाटतं.

तिसऱ्या वर्षी मला शस्त्रधारी युनिटमध्ये घेतलं. कलम ८३२ चं, म्हणजे अटक आणि शस्त्र हाताळणीचं, प्रशिक्षण झालेलं हवंच, शिवाय ८३०.५ प्रमाणे दर तिमाहीला किमान एकदा नेमबाजीत पात्र ठरावं लागतं. जानेवारीतली सकाळ होती, बोटं गारठलेली, मॅगझीनमध्ये शेवटची गोळी काही केल्या बसेना. अंगठा लालबुंद झाला. त्या दिवशी मी नापास झाले आणि पिस्तूल तिथंच जमा केलं. पुन्हा पास होईपर्यंत टेबलावरचं काम. वाईट वाटलं, पण नियम बरोबरच आहे.

त्याआधीची दोन वर्षं घरभेटी विनाशस्त्रच केल्या. दारासमोर उभं राहायचं नाही, चौकटीच्या बाजूला राहायचं. गाडी परतीच्या तोंडानं लावायची. आत कुत्रा आहे का, ते आधी फोनवर विचारायचं. एका जुन्या सहकारी बाईंनी हे शिकवलं. आज कमरेला पिस्तूल आहे, तरी प्रत्येक दारापाशी मी हेच करते.